बंद लोहमार्गाची वाट करताना आधी जमीन, मग पाणी, डांबर सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे १८ किलोमीटरचा एकेरी लोहमार्ग बरीच वर्षं बंद पडून आहे. रूळ अजून जागेवर आहेत, पण ते भंगारात काढण्याची निविदा लवकरच निघणार आहे. वाटेत तीन पूल, तीनशे मीटरचा एक बोगदा आणि नऊ फाटकं आहेत. शेजारच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. समितीतल्या बहुतेकांचं म्हणणं असं की वस्तीजवळच्या दोन किलोमीटरवर डांबर टाकून ते लगेच खुले करावेत, बाकीचं नंतर पाहू. शिवाय चालणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर नीट नांदतील का, ही शंका आहेच.

डांबराची घाई करू नका, हे माझं पहिलं सांगणं. दोन किलोमीटरचं डांबर कधीही टाकता येतं. उरलेल्या सोळा किलोमीटरमधला एखादा तुकडा एकदा हातातून गेला की तो बहुधा कायमचाच जातो. म्हणून आधी पूर्ण १८ किलोमीटरची जमीन एकसंध ताब्यात राहील याची व्यवस्था करा. त्याच वेळी रूळ काढण्याच्या करारात तुमच्या अटी घालून घ्या. मग पाण्याचा निचरा, पूल आणि फाटकं बघा. माथ्यावरचा थर हे सर्वांत सोपं काम आहे, आणि लोकांना दिसतं तेवढंच असल्यामुळे सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते.

एवढ्या जुन्या मार्गात मौल्यवान काय आहे, हे समितीला नीट समजावून द्या. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असते, त्यामुळे गाडीला चढ सोसत नाही. म्हणून लोहमार्ग आखताना डोंगर कापले गेले, दऱ्या भरल्या गेल्या, ओढ्यांवर पूल बांधले गेले. साधारण १०० मीटरला १ मीटर चढ, डोंगराळ भागात ५० मीटरला १ मीटर. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला २० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ असू नये असा संकेत आहे, म्हणजे रेल्वेची आखणी त्याहूनही कितीतरी सौम्य. सत्तरीतली माणसं, लहान मुलं, बाबागाडी ढकलणारे आईबाप या सगळ्यांना जमेल अशी वाट त्या काळच्या अभियंत्यांनी आयती करून ठेवली आहे. आज अशी वाट कोऱ्या जमिनीवर नव्याने आखायला गेलं तर ती होणार नाही. इतकी लांब, अरुंद, सपाट जमीन कोणी देणारच नाही.

पण हे सगळं मोल सलगपणात आहे. इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्साल ट्रेल हे याचं बोलकं उदाहरण. तिथला लोहमार्ग १९६८ मध्ये बंद झाला, १९८१ मध्ये त्यावर वाट झाली, पण बोगदे सुरक्षित नाहीत म्हणून बंदच ठेवले गेले. बोगद्यापाशी पोचल्यावर वाट सोडून खडकाळ पायवाटेने वळसा घालावा लागे. सायकल किंवा चाकाची खुर्ची घेऊन ते शक्यच नव्हतं. २०११ मध्ये साधारण चारशे मीटरचे चार बोगदे दुरुस्त करून, दिवे लावून खुले झाले आणि ती वाट खऱ्या अर्थाने सगळ्यांची झाली. म्हणजे सपाट लोहमार्ग तीस वर्षं तिथेच होता, आणि चार अडथळ्यांमुळे तो धडधाकट पायांपुरताच राहिला होता.

आता जमिनीकडे येऊ. रेल्वेची जमीन म्हणजे सरसकट रेल्वेच्या मालकीची, असं गृहीत धरू नका. काही तुकडे विकत घेतलेले असतात, काहींवर फक्त गाडी चालवण्यापुरता हक्क असतो, काही भाडेपट्ट्याने असतात. गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपतो का, हा प्रश्न प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा. अमेरिकेत १९८३ साली कायद्यात दुरुस्ती करून यावर एक तोडगा निघाला. मार्ग पुढे कधी रेल्वेला लागला तर परत देण्याच्या अटीवर तो तात्पुरता वाटेसाठी वापरायचा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो सोडून दिला असं होत नाही आणि तुकडे मूळ मालकांकडे परत जात नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ही तरतूद वैध ठरवली. पण त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या एका खटल्यात उलट बाजूही दाखवली. १८७५ च्या कायद्याखाली रेल्वेला मिळालेला हक्क फक्त वहिवाटीचा होता, त्यामुळे रेल्वेने मार्ग सोडल्यावर तो संपला, असा निकाल लागला. दस्त काय म्हणतो यावर सगळं अवलंबून.

आयर्लंडमध्ये वेस्टपोर्ट ते अकिल हा मार्ग १९३७ मध्ये बंद झाला आणि जमीन शेतकऱ्यांकडे गेली. सत्तर वर्षांनंतर तिथे सुमारे ४२ किलोमीटरची वाट झाली ती शेतकऱ्यांनी मालकी स्वतःकडे ठेवून दिलेल्या परवानगीवर. हे सद्भावनेवर चालणारं काम आहे, आणि जिथे दुसरा उपाय नाही तिथे ते करावंच. मात्र परवानगी देणाऱ्याला ती मागेही घेता येते, हे लक्षात ठेवून आखणी करावी. मालकीच्या गुंत्याचं सर्वांत विलक्षण उदाहरण फेनबानचं. जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत जाणारी ही १२५ किलोमीटरची वाट पहिल्या महायुद्धानंतरच्या तहामुळे बेल्जियमच्या मालकीच्या रुळपट्टीवरून जाते. त्या अरुंद पट्टीमुळे जर्मनीचे काही तुकडे आजही मुख्य भूमीपासून तुटलेले आहेत. तीन देशांना ते जमलं, तर तुमच्या १८ किलोमीटरचे दस्त लावणं अशक्य नाही. एक माणूस फक्त याच कामाला लावा. रेल्वेच्या दफ्तरातून जमिनीचे नकाशे आणि मार्गाचा उभा छेद मिळवा. त्या उभ्या छेदात प्रत्येक मोरी, पूल आणि चढ नोंदलेला असतो. पुढची सगळी कामं त्या कागदावर उभी राहतात.

यातलं सर्वांत तातडीचं काम रूळ काढण्याच्या निविदेचं. ती निविदा काढणाऱ्याला लोखंडाचे पैसे हवे असतात, ठेकेदाराला काम उरकायचं असतं, आणि मागे उरलेली जमीन कोणालाच नको असते. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या की खडी जागेवर राहील. ती दशकानुदशकं गाड्यांच्या वजनाखाली दबलेली आहे, तुमच्या वाटेचा पाया तीच आहे. ती विकली गेली तर तोच पाया तुम्हाला पुन्हा विकत आणावा लागेल. रुळांखालचे लाकडी स्लीपर मात्र एकही मागे राहता कामा नये. ते किडू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट हे डांबरी रसायन पाजलेलं असतं. ते त्वचेला, मातीला आणि पाण्याला घातक आहे. असे स्लीपर शेतकऱ्यांना कुंपणाला वाटू नका, बसायच्या बाकांना वापरू नका आणि जाळू तर अजिबात देऊ नका. त्यांची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांनी व्हावी, आणि ती ठेकेदाराची जबाबदारी असावी. तिसरी अट यंत्रांबाबत. जड यंत्रं बाजूच्या नाल्यांतून आणि मोऱ्यांच्या तोंडांवरून फिरू नयेत, आणि फिरली तर ठेकेदाराने ते पूर्ववत करून द्यावं. चौथी अट, काम संपल्यावर पूर्ण लांबीवर ट्रॅक्टरमागे चुंबकाचा पट्टा ओढून खिळे, रूळ पकडणाऱ्या लोखंडी चाव्या, तारेचे तुकडे गोळा करावेत. हे केलं नाही तर पहिलं वर्षभर सायकलींचे टायर तुम्हाला त्याची आठवण करून देतील.

माती तपासून घ्या. गवत मारण्यासाठी पूर्वी काही मार्गांवर आर्सेनिकयुक्त औषधं फवारली जात, यार्डात तेल सांडलेलं असतं, इंजिन उभी राहत तिथे राखेचे थर असतात. बहुतेक ठिकाणी दूषित माती उकरून नेण्यापेक्षा ती विणलेल्या कापडाखाली (मातीचे थर वेगळे ठेवणारं जिओटेक्स्टाइल) आणि स्वच्छ थराखाली झाकणं बरं. पण हा निर्णय नमुन्यांचे निकाल बघून घ्यायचा. जुन्या स्थानकाचं यार्ड मुलांना खेळायला देण्याचा बेत असेल तर तिथले नमुने जास्त घ्या.

पाण्याविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण बिघडलेल्या वाटा मी पाहिल्या त्यांतल्या बहुतेक पाण्याने बिघडल्या होत्या.

चालू लोहमार्ग कोरडा राहतो त्यामागे गँगमनची रोजची मेहनत असते. खडीतून पाणी खाली झिरपतं, पायाच्या तिरक्या माथ्यावरून बाजूला जातं. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या भागात, दोन्ही बाजूंना नाल्या असतात. कटिंगच्या वर, डोंगराच्या अंगाला आणखी एक नाली असते, ती वरचं पाणी खाली उतरू न देता बाहेर काढते. भरावाखालून दर थोड्या अंतरावर मोऱ्या असतात. गाडी बंद झाली की हे साफ करणारे हात जातात. काही वर्षांतच वरची नाली पालापाचोळ्याने भरते, पाणी उतारावरून थेट कटिंगमध्ये येतं, बाजूच्या नाल्या गाळाने बुजतात आणि कटिंगचाच ओढा होतो. भरावाचं याहून वाईट. मोरी तुंबली की वरच्या बाजूला पाणी साचतं आणि भराव धरणासारखं काम करू लागतो. तो धरण म्हणून बांधलेलाच नसतो. पाणी झिरपून त्याची माती मऊ होते आणि एखाद्या मोठ्या पावसात आख्खा तुकडा बसतो किंवा वाहून जातो.

म्हणून पाहणीला उन्हाच्या दिवशी जाऊ नका. जोराचा पाऊस पडत असताना किंवा तो थांबल्यावर लगेच जा. गमबूट, काठी, खडू आणि नकाशा बरोबर घ्या. कुठे पाणी साचलंय, कुठे ते वाट ओलांडून जातंय, कुठे नेचे आणि लव्हाळं माजलंय, हे सगळं नकाशावर उतरवा. उन्हाळ्यातही लव्हाळं हिरवं दिसलं तर खाली पाणी अडलंय असं समजा. प्रत्येक मोरीची दोन्ही तोंडं बघा. वरच्या तोंडाशी वाकून बॅटरी टाका. दुसऱ्या टोकाचा उजेड गोल, अख्खा दिसला तर मोरी मोकळी. तो खालून अर्धा कापलेला दिसला तर आत गाळ आहे. वरून वेडावाकडा दिसला तर कमानीची वीट निसटली आहे किंवा मूळ घुसलंय, आणि अशा मोरीत कोणालाही आत पाठवू नका. मग खालच्या तोंडाशी जा. तिथे पाणी उंचावरून पडून खड्डा झाला असेल तर तो हळूहळू मागे सरकत मोरीचा पाया उघडा पाडतो. दगड रचून तो खड्डा भरणं हे सुरुवातीला अगदी छोटं काम असतं. पाच वर्षांनी तिथे नवी मोरी बांधावी लागते.

एक गोष्ट बऱ्याच वेळा घडते. खालच्या बाजूच्या शेतकऱ्याने मोरीचं पाणी आपल्या शेतात नको म्हणून तोंड बुजवलेलं असतं. गाडी बंद होती तोवर कोणी विचारलं नाही. आता तुम्ही मोरी साफ करायला गेलात की भांडण होणार. तेव्हा आधी त्याच्या शेतातून पाणी पुढे कसं जाईल याची सोय करा, मग तोंड उघडा.

निचरा जाग्यावर आला की माथ्याकडे वळायचं. दर शंभर मीटरला एक चाचणी-खड्डा घ्या, गुडघाभर खोल. वरची खडी मुठीएवढी, कडेला धार असलेली आणि स्वच्छ निघाली तर पाया उत्तम. खडीच्या फटींत काळी चिकट माती भरली असेल तर ती पाणी धरून ठेवते, तिथे वरचा थर काढून पुन्हा घालावा लागेल.

बारीक कचखडी थेट जुन्या खडीवर पसरायची चूक सर्रास होते. खडीत मोठ्या फटी असतात. पहिल्या पावसात कच त्या फटींत उतरते आणि वर पुन्हा दगड दिसू लागतात. मध्ये मिश्र आकाराच्या बारीक खडीचा थर दाबून घ्यायचा, किंवा विणलेलं कापड अंथरायचं, आणि मग वर ५० ते ७५ मिलिमीटर कचखडी. तीही नदीतली गोल नको, फोडलेली हवी. ६ मिलिमीटरपासून पुडीपर्यंत सगळे आकार त्यात हवेत. ती ओली करून रोलर फिरवला की धारदार कण एकमेकांत अडकतात आणि वाळल्यावर ती कडक बसते. पाणी निघून जावं म्हणून रस्त्यासारखा मधे उंचवटा न देता एका बाजूला सुमारे २ टक्के उतार द्या, वळणावर तो आतल्या बाजूला असू दे.

डांबर की कचखडी, याचं एकच उत्तर पूर्ण १८ किलोमीटरला लागू पडत नाही. अमेरिकेत मिसूरीतली ३८० किलोमीटरहून लांब केटी ट्रेल आणि पेनसिल्व्हेनिया-मेरीलँडमधली २४१ किलोमीटरची ग्रेट ॲलेगेनी पॅसेज या दोन्ही मुख्यतः दाबलेल्या चुनखडीच्या कचीवर चालतात, तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल आणि बाथला जोडणारी २१ किलोमीटरची वाट डांबरी आहे. पहिल्या दोन गावाबाहेरून जातात, तिसरीवरून रोज कामाला जाणारे लोक धावतात. लोहमार्गाच्या सौम्य उतारामुळे कच वाहून जात नाही, पायांना ती मऊ लागते आणि दुरुस्ती फावड्याने होते. पूर येणाऱ्या सखल भागात मात्र ती टिकत नाही. केटी ट्रेलचा मोठा भाग १९९३ च्या पुरात असाच उखडला गेला. तुमच्या ठिकाणी वस्तीतला भाग, रॅम्प, सावलीतल्या कायम ओल्या कटिंग आणि प्रत्येक फाटकाच्या दोन्ही बाजूंचे वीस मीटर डांबरी करा, बाकी कचखडी. फाटकाजवळ डांबर हवंच, कारण सायकलवाला तिथेच ब्रेक दाबतो आणि सैल कचीवर चाक घसरतं.

रुंदी तीन मीटर हा किमान आकडा धरा, दोन्ही बाजूंना निदान अर्धा मीटर मोकळी कड सोडून. एकेरी मार्गाच्या भरावाचा माथा पाच-सहा मीटरचा असतो, त्यात हे बसतं. वस्तीजवळ मात्र चार मीटर मिळत असतील तर आत्ताच घ्या. ब्रिस्टल-बाथची वाट १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांच्या हातांनी टप्प्याटप्प्याने झाली आणि तीन मीटर रुंद ठेवली गेली. त्या वेळी ते धाडसाचं काम होतं. आज शहरालगत गर्दीच्या वेळी ती रुंदी अपुरी पडते.

पुलांबाबत थोडक्यात. इंजिनाचं वजन पेलणाऱ्या गर्डरला माणसं आणि सायकली जड नाहीत. प्रश्न असतो बेअरिंगजवळच्या (गर्डर जिथे खांबावर टेकतो तिथल्या) गंजाचा, पाण्याखालच्या पायाचा आणि जुन्या रंगातल्या शिशाचा. तो रंग उघड्यावर घासू देऊ नका. फळ्या आडव्या टाका, वाटेच्या दिशेने टाकल्या तर फटीत टायर अडकतो. कठडा १.४ मीटर उंच आणि उभ्या गजांचा करा, आडव्या पट्ट्यांवर मुलं चढतात. रुग्णवाहिका जाऊ शकेल एवढी ताकद ठेवा. एखादा पूल कधीच काढून नेलेला असेल तर त्याच्या जागचं काम संपूर्ण प्रकल्पातलं सर्वांत महाग ठरू शकतं. तो आकडा समितीसमोर पहिल्याच बैठकीत ठेवा.

बोगद्याची भीती बाळगू नका. विस्कॉन्सिनमधल्या एल्रॉय-स्पार्टा या वाटेवर तीन बोगदे आहेत, सर्वांत मोठा एक किलोमीटरहून लांब, आणि १९६० च्या दशकापासून लोक त्यातून सायकल हातात धरून चालत जातात. बाथजवळचा कूम डाउन बोगदा १,६७२ मीटरचा आहे आणि २०१३ पासून त्यातून सायकली धावतात. गाड्यांच्या काळात त्यात हवा खेळायला वाटच नव्हती, १९२९ मध्ये धुराने इंजिनावरची माणसं बेशुद्ध होऊन भीषण अपघात झाला होता. आज धूर नाही, त्यामुळे हवेचा प्रश्नही उरला नाही. तुमचा तीनशे मीटरचा बोगदा सरळ असेल तर पलीकडचा उजेड दिसेल आणि दिव्यांची गरज नाही असं कोणीतरी म्हणेल. ते मान्य करू नका. लख्ख उन्हातून आत शिरल्यावर पहिले वीस-तीस मीटर डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि समोरून चालत येणारा माणूस नेमका तिथेच असतो. म्हणून दिवसा तोंडाशी उजेड जास्त आणि मध्ये कमी ठेवायचा. गळणारं पाणी अस्तर लिंपून अडवू नका, त्याला पन्हळ देऊन नालीत उतरवा. दाबून ठेवलेलं पाणी अस्तर पाडतं. आणि काम सुरू करण्याआधी वटवाघळांची पाहणी करून घ्या. त्यांची वस्ती असेल तर दिवे, वेळा आणि कामाचा हंगाम त्यांच्या सोयीने ठरवावा लागेल. ते तिथे आपल्या आधीपासून आहेत.

फाटकं. माझ्या मते वाटेचं यश इथे ठरतं. गाडी जायची तेव्हा रस्ता थांबायचा. आता वाट थांबणार, आणि वाहनचालकांना त्या ठिकाणी कोणी येईल याची सवयच राहिलेली नाही. त्यात रेल्वे रस्त्याला बऱ्याचदा तिरकी ओलांडते, त्यामुळे सायकलवाल्याला मान पार मागे वळवावी लागते. वाट थोडी वळवून रस्त्याला काटकोनात आणा. त्या वळणामुळे वेगही आपोआप उतरतो. दोन्ही बाजूंची झुडपं कापून दृष्टी मोकळी करा. वर्दळीच्या रस्त्यावर मधोमध थांबायला जागा द्या, किंवा रस्ताच उंचावून वाहनांचा वेग पाडा. शांत शेतरस्त्यांवर अग्रक्रम वाटेला द्यायला हरकत नाही.

मोटारसायकली शिरू नयेत म्हणून फाटकाफाटकाला लोखंडी अडसर लावण्याची मागणी नक्की येईल. नागमोडी अडसरांतून चाकाची खुर्ची, तीनचाकी, सामानाची सायकल, जोड-बाबागाडी जात नाही. मोटारसायकल मात्र बाजूच्या गवतातून जाते. साधा खांबही धोक्याचा असतो, पुढच्या सायकलमागे चालणाऱ्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो. मी खांब शक्यतो लावतच नाही. तोंडाशी वाट दोन अरुंद पदरांत विभागून मध्ये झुडपांचं बेट केलं तरी मोटारी अडतात. अगदीच लागला तर एकच खांब, मधोमध, दोन्ही बाजूंना दीड मीटर मोकळे, उजळ रंगाचा आणि अंधारात चमकणारा.

आता चालणारे आणि सायकलवाले. हो, नांदतात, पण रंगाची रेघ मारून नाही. तीन मीटरच्या वाटेवर मधोमध रेघ ओढली की सायकलवाल्याला आपला पट्टा हक्काचा वाटतो आणि तो वेग वाढवतो. चालणारे जोडीने चालत असतात, गप्पांत असतात, रेघ त्यांना दिसत नाही. रेघ नसलेल्या वाटेवर सायकलवाला जास्त सावध असतो. चालणाऱ्याचा मान पहिला, ओलांडताना घंटी आणि वेग कमी, कुत्रा साखळीला, थांबायचं तर कडेला. एवढे चार नियम प्रत्येक प्रवेशाशी लावा. ऐकू न येणारी माणसंही वाटेवर असतात, घंटी वाजवली म्हणजे वाट मिळालीच पाहिजे असं नाही, हेही त्यात लिहा. रोज कामाला जाणाऱ्यांची गर्दी झाली तर मात्र वेगळा पदपथ द्यावा लागतो, आणि तो कडेच्या दगडाने किंवा गवताच्या पट्ट्याने वेगळा असावा.

शेतकऱ्यांना एका मोठ्या सभेत बोलावून नकाशा दाखवू नका. प्रत्येकाच्या बांधावर जा. एकाला गुरं पलीकडे न्यायची असतात, दुसऱ्याच्या मागच्या अंगणात वाट डोकावते, तिसऱ्याला फळबागेतल्या चोरीची धास्ती, चौथ्याने रेल्वेची जमीन गेली वीस वर्षं कसलेली असते. पहिल्या तिघांना फाटक, झाडांचं कुंपण, हलवलेला प्रवेश देऊन प्रश्न सुटतो. चौथ्याशी वाटाघाटीच करावी लागेल, आणि त्या आधी केलेल्या बऱ्या. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो सेंट्रल या १५२ किलोमीटरच्या मार्गाची गाडी १९९० मध्ये थांबली तेव्हा वाटेच्या कल्पनेला शेतकऱ्यांचा विरोध होता. वाट २००० मध्ये पूर्ण झाली, आणि पुढे त्याच भागात लोकांनी घरातल्या खोल्या प्रवाशांना द्यायला सुरुवात केली, बंद पडत आलेली जुनी उतारघरं पुन्हा चालू झाली. हे तुमच्या शेतकऱ्यांना सांगा, पण वचन म्हणून नको. तिथे लोक दिवसचे दिवस मुक्काम करत प्रवास करतात. तुमची १८ किलोमीटरची वाट अर्ध्या दिवसाची आहे.

पहिला टप्पा कोणता, यावर समितीशी माझा मतभेद आहे. वस्तीजवळचे दोन किलोमीटर कुठे जाऊन संपतात? मधेच शेतात संपत असतील तर लोक संध्याकाळी फेरी मारतील आणि ते उद्यान ठरेल. त्याऐवजी पाच-सहा किलोमीटरचा असा तुकडा निवडा जो शाळा, बाजार, स्थानक यांपैकी दोन ठिकाणं जोडतो, जरी त्यात एक पूल आला तरी. कचखडीवर तो डांबराच्या दोन किलोमीटरइतक्याच जोमाने उभा राहू शकतो, आणि रोज वापरणारी माणसं मिळाली की पुढच्या टप्प्यासाठी तीच भांडतात.

आणि देखभालीचं नाव आधी लिहा. बांधकामाला पैसे मिळतात, उद्घाटन होतं, मग मोरी कोण साफ करणार हे कोणाच्याच कागदावर नसतं. करारात संस्थेचं नाव, वर्षाला दोन पाहण्या, त्यातली एक पावसाच्या मोसमाआधी, कडेचं गवत, झाडांची मुळं, बोगद्याच्या अस्तराची तपासणी, हे सगळं बांधकामाच्या मंजुरीसोबतच मंजूर करून घ्या. पाइप आणि केबल टाकणाऱ्या संस्था अशा सलग पट्टीच्या शोधात असतात. त्यांना कडेने जागा भाड्याने दिली तर देखभालीला कायमचं उत्पन्न मिळतं. फक्त वाट उकरली तर ती मूळ थरांसकट पूर्ववत करण्याची अट घाला, आणि केबल नाल्यांच्या बाजूला न टाकता पलीकडून न्यायला लावा. निविदेची तारीख कळली की खडी, स्लीपर, नाल्या आणि चुंबकाच्या त्या चार अटी लेखी पाठवा, पोच घ्या, आणि रूळ निघत असतील तेव्हा रोज एक माणूस तिथे उभा ठेवा.